सायपांढऱ्या एकशे ऐंशी फळ्या

पांढरे किती असतात ते मला विचारा. तुम्ही म्हणाल, पांढरा तो पांढरा, त्यात विचारायचं काय? तिथेच तर तुमच्या डोळ्यांत आणि माझ्या डोळ्यांत फरक आहे. दुधाचा पांढरा वेगळा, चुन्याचा वेगळा, धुतलेल्या चादरीचा वेगळा आणि न धुता ‘धुतली’ म्हणून सांगितलेल्या चादरीचा तर फारच वेगळा. मला एकवीस पांढरे ओळखता येतात. बायको म्हणते, त्याऐवजी एकवीस भाज्या ओळखता आल्या असत्या तर निदान बाजारात पाठवता आलं असतं. असो. प्रत्येक कलावंताच्या घरी एक समीक्षक असतोच.

आमचा कारखाना लोखंडी वस्तूंना पावडरचा रंग चढवतो. यात ओला रंग नाही, ब्रश नाही. वस्तू आधी टाक्यांमधून धुऊन घ्यायची, वाळली की आकड्याला टांगायची आणि बंदुकीने तिच्यावर कोरडी पावडर उडवायची. विजेच्या करामतीने ती पावडर पत्र्याला पिठासारखी चिकटून बसते. मग सगळं भट्टीत ढकलायचं. दोनशे अंशांवर पावडर वितळते, पसरते आणि गुळगुळीत, पक्का रंग बाहेर येतो. ऐकायला सोपं आहे. पण पहिल्या वस्तूचा रंग शेवटच्या वस्तूवर तसाच्या तसा आणून दाखवा, म्हणजे कळेल. थर जाड बसला की रंग बदलतो, भट्टी चढली की बदलतो, पावडरचा खोका बदलला तरी बदलतो. हे सगळं पकडायला शेवटच्या टेबलापाशी, फिरत्या खुर्चीत, सहा वर्षं मी बसलेलो होतो.

आता तुम्ही विचाराल, ही खुर्ची मला मिळाली कशी? कर्तृत्वाने. शिवाय कारखान्याचे मालक माझ्या बायकोचे थोरले भाऊ आहेत, हाही एक किरकोळ योगायोग. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला भाऊजी म्हणतात, आणि मालकच भाऊजी म्हणतात म्हटल्यावर सगळा कारखाना मला भाऊजी म्हणतो. बहिणीच्या नवऱ्याला रागवायची सोय नसते. त्यामुळे दादा माझ्यावर चिडले की जास्तच गोड बोलतात. ‘भाऊजी, जरा बसता का?’ असं म्हणाले की समजायचं, काहीतरी मोठं बिनसलंय.

त्या सोमवारी दादा म्हणाले, “भाऊजी, जरा बसता का?”

समोर एक टायवाला बसला होता. त्याच्या हातात साबणाच्या वडीपेक्षा थोडं मोठं यंत्र होतं. ते रंगीत वस्तूवर टेकवायचं, बटण दाबायचं, की नमुन्यापेक्षा रंग किती हुकला त्याचा आकडा दिसतो. आकडा एकच्या खाली असेल तर माणसाच्या डोळ्याला फरक कळत नाही, असं टायवाल्याचं म्हणणं.

“कुठल्या माणसाच्या?” मी विचारलं.

“साधारण माणसाच्या,” तो म्हणाला.

“मग साधारण कारखान्यात जा.”

दादा खाली बघून हसले, पण यंत्र त्यांनी टायवाल्याकडून मागून हातात घेतलं. गेल्या तीन महिन्यांत दोन गिऱ्हाइकांचा माल रंग जुळत नाही म्हणून परत आला होता. माझं मत असं, की गिऱ्हाइकांचे डोळे खराब होते. दादांचं मत त्यांनी सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं.

“ग्रंथालयाच्या फळ्यांचं काम आजपासून चालू होतंय,” ते म्हणाले. “एकशे ऐंशी फळ्या, सगळ्या सायपांढऱ्या. शुक्रवारी अकरा वाजता ग्रंथपालबाई स्वतः बघायला येणार. त्यांनी पास केलं तर यंत्र नको. तुम्ही आहात, तुमची नजर आहे, खुर्ची आहे.”

“आणि नापास केलं तर?”

“तर यंत्र येईल, आणि तुम्ही टाकीवर बसायचं. टाकीवर हवा छान मोकळी असते, भाऊजी.”

टाकी म्हणजे कारखान्याचं मागचं टोक. तिथे पत्रा धुतात. तिथे ओलावा, वास, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे आणि सोबतीला टाकीवाले काका. माझी बायको गल्लीभर सांगत असते, की यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक खिळा कारखान्याबाहेर पडत नाही. उद्या तिने काय सांगायचं? की हे आता खिळे धुतात?

“मंजूर,” मी म्हणालो.

तेवढ्यात भट्टीतून पहिल्या साठ फळ्यांची गाडी बाहेर आली. टायवाला यंत्र घेऊन उठला, फळीजवळ गेला आणि थबकला.

“गरम आहे. वीस मिनिटं गार होऊ द्या, मग मोजू.”

अशी संधी काय रोज येते?

“तुमच्या यंत्राला वीस मिनिटं लागतात होय?” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. “माझ्या डोळ्याला वाट बघावी लागत नाही.”

आणि मी कडेवर मूल घ्यावं तशी नमुन्याची पट्टी काखेत घेऊन गाडीपाशी गेलो. ही पट्टी म्हणजे ग्रंथपालबाईंनी मान्य केलेला, मागे सही केलेला रंग. ती वाफाळत्या फळीशेजारी धरली, एक डोळा मिटला, मान तिरकी केली. सगळा कारखाना बघत होता. अशा वेळी ‘ठीक आहे’ म्हणून कसं चालेल? ‘ठीक आहे’ तर कोणीही म्हणतं. शिवाय मला खरोखरच काहीतरी दिसलं.

“किंचित पिवळट आहे,” मी म्हणालो.

बंदूक चालवणारा आमचा नेमबाज, भट्टीवाल्या मावशी, मागून आलेले टाकीवाले काका, तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मावशींनी तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला वाटलं, माझ्या नजरेने त्या थक्क झाल्या. टायवाल्याने एक फळी फडक्यात धरून उचलली, “ही मी नेतो, गार झाल्यावर मोजतो,” म्हणाला आणि गेला.

“न्या, न्या,” मी म्हणालो. “उरलेल्या एकोणसाठ फळ्यांवर पावडरचा आणखी एक हलका हात मारा आणि परत भट्टीत घाला.”

“भाऊजी, पांढरा दोनदा भाजला की...” मावशी म्हणाल्या.

“मावशी, भट्टी तुमची, नजर माझी.”

मावशींनी गाडी परत फिरवली. मालकाच्या बहिणीच्या नवऱ्याला कोण काय बोलणार?

दुसऱ्या साठ फळ्यांच्या वेळी मी कोणताही धोका पत्करायचा नाही असं ठरवलं. पहिल्या पिवळट झाल्या, तर दुसऱ्या पिवळट होताच कामा नयेत. फळीवर न चिकटता खाली पडलेली पावडर आम्ही चाळून पुन्हा ताज्या पावडरीत मिसळतो. त्यानेच पिवळटपणा येत असणार, असा मी तर्क केला. मंगळवारी सगळे चहाला गेले तेव्हा मी गुपचूप कोठीत शिरलो, मिसळलेला डबा बाजूला ठेवला आणि नवाकोरा खोका फोडून बंदुकीला लावला. तो खोका आधीच्या खोक्याबरोबर एकाच वेळी बनलेला नव्हता, हे त्यावर ठळक लिहिलेलं होतं. पण मी तिथे वाचायला गेलो नव्हतो. कोणाला सांगितलं नाही. चांगलं काम गाजावाजा न करता करावं, असं माझे वडील म्हणत.

फळ्या बाहेर आल्या. मी पट्टी घेऊन हजर. आता ‘माझ्या डोळ्याला वाट बघावी लागत नाही’ हे एकदा तोंडातून निघून गेलेलं, त्यामुळे वाट बघणं आलंच नाही. पट्टी धरली आणि मलाच थंडी वाजली. फळ्या पांढऱ्याफेक. दवाखान्यात अपघात विभागाच्या भिंती असतात तशा. वर जाडजूड थर, त्यावर संत्र्याच्या सालीसारख्या बारीक खळ्या.

“आता निळसर आहे,” मी म्हणालो.

पुन्हा ते तिघांचं एकमेकांकडे बघणं. नेमबाजाने डोकं खाजवलं. मावशींनी भट्टीच्या घड्याळाकडे बघितलं. काका तर एक मोठा सुस्कारा टाकून मागे निघून गेले. मला आश्चर्य वाटलं. खोका मी बदलला होता, खुर्ची माझी जाणार होती, सुस्कारे हे कशाला टाकतायत?

खोका बदलल्यामुळे एवढा फरक? एवढा व्हायला नको होता. पण नजरेला जे दिसतं ते दिसतं. म्हणून बुधवारी तिसऱ्या साठ फळ्यांच्या वेळी मी पुन्हा कोठीत गेलो आणि उलटा उपाय केला. नवा खोका हटवला, चाळलेल्या पावडरीचा जुना डबा पुढे ओढला आणि त्यात तळाचंसुद्धा सगळं ओतलं. निळेपणा गेलाच पाहिजे.

गेला. असा गेला की विचारू नका! फळ्या बाहेर आल्या त्या लोण्याच्या गोळ्यासारख्या. थर इतका पातळ, की कडेला आतल्या पत्र्याची छटा डोकावत होती. त्यांच्या मागोमाग सोमवारच्या एकोणसाठ फळ्या दुसऱ्यांदा भाजून बाहेर आल्या. त्या जुन्या दातांच्या रंगाच्या झाल्या होत्या.

“बघा,” मी मावशींना म्हणालो, “सोमवारीच म्हटलं होतं की नाही, पिवळट आहेत?”

मावशींनी माझ्याकडे जे बघितलं, ते आदराने नव्हतं, एवढं मलाही कळलं.

गुरुवारी सकाळी टायवाला सोमवारची ती एक फळी घेऊन परत आला. दादांच्या टेबलावर ती ठेवली, शेजारी नमुन्याची पट्टी ठेवली, यंत्र टेकवलं, बटण दाबलं.

“शून्य पूर्णांक तीन,” तो म्हणाला. “म्हणजे तंतोतंत.”

मी फळी उचलली. खिडकीशी नेली. पट्टी शेजारी धरली. एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. शेवटी दोन्ही मिटावेसे वाटले. फळी सायपांढरी होती. नमुन्याच्या सख्ख्या बहिणीसारखी.

“पण सोमवारी ही पिवळट होती,” मी म्हणालो.

“सोमवारी ती गरम होती,” टायवाला म्हणाला. “गरम पांढरा किंचित पिवळट दिसतोच. गार झाला की जागेवर येतो. म्हणून तर वीस मिनिटं म्हणालो.”

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. पण माहीत असणं वेगळं आणि चारचौघांत आठवणं वेगळं.

दादांनी तिघांना बोलावून घेतलं. “भाऊजी, जरा बसता का?” असं मला म्हणाले. मी आधीच बसलो होतो, म्हणून जरा आणखी खाली बसलो.

“सोमवारी एक फळी बरोबर होती, म्हणजे साठही बरोबर होत्या,” दादा म्हणाले. “मग मंगळवारी निळसर आणि बुधवारी लोणी कसं झालं? कोणी काय बदललं? ताकाला जाऊन भांडं लपवू नका.”

मीच मोठ्या मनाने म्हणालो, “खोका मी बदलला होता. मंगळवारी नवा लावला, बुधवारी जुना लावला.”

“तुम्ही पण?” नेमबाज म्हणाला.

“तुम्ही पण म्हणजे?”

“भाऊजी पिवळट म्हणाले, म्हणून मी मंगळवारी थर जाड दिला. म्हटलं, पांढरा चांगला चढेल. मग निळसर म्हणाले, म्हणून बुधवारी पातळ दिला.”

दादांनी मावशींकडे बघितलं.

“मी मंगळवारी भट्टी दहा अंश उतरवली,” मावशी म्हणाल्या. “कच्चा राहू नये म्हणून वेळ पाच मिनिटं वाढवली. बुधवारी दहा अंश चढवली.”

“आणि काका, तुम्ही?”

टाकीवाले काका दिवसातून साधारण दोन वाक्यं बोलतात. त्यातलं पहिलं त्यांनी इथे वापरलं. “मीच या दोघांना म्हणालो, भाऊजींना सांभाळून घ्या.”

माझा ऊर भरून आला. “काका, तुम्ही माझ्यासाठी...”

“टाकीवर स्टूल एकच आहे,” काका म्हणाले. दुसरं वाक्य संपलं.

म्हणजे झालं होतं असं, की मी एकदा ‘किंचित पिवळट’ म्हणालो आणि तीन माणसांनी एकाच भाजीत गुपचूप तीन वेळा मीठ टाकलं. मग मी ‘निळसर’ म्हणालो आणि तिघांनी ते काढायचा प्रयत्न केला.

“पण सोमवारी फळी गरम आहे हे तुम्हाला दिसत होतं ना?” दादांनी मावशींना विचारलं. “मग बोलला का नाहीत?”

“दादा, ते ताईंचे नवरे आहेत,” मावशी म्हणाल्या.

आता एकशे ऐंशीपैकी एक फळी बरोबर होती. बाकी एकोणसाठ जुन्या दातांच्या, साठ दवाखान्याच्या आणि साठ लोण्याच्या. रंग काढून नव्याने चढवायला आठ दिवस लागले असते आणि बाई उद्या अकराला येणार होत्या. दादांनी कारखान्याला एक फेरी मारली. मग म्हणाले, “तीन रंग शेजारी शेजारी ठेवले तरच फरक दिसतो. लांब लांब ठेवले तर एवढा लक्षात येत नाही. एक ढीग दाराशी, एक भट्टीमागे, एक कोठीजवळ. बाई एकेक ढीग बघतील. दिसलं तर खरं सांगू आणि वेळ मागू. नाही दिसलं, तर फळ्यांत काही खोट नाही, रंग पक्का आहे.”

संध्याकाळी घरी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी संपवलं तेव्हा तिने हातातली घडी मोडून पुन्हा घातली.

“म्हणजे तुमच्यासमोर कोणी खरं बोलत नाही, कारण तुम्ही माझे नवरे आहात,” ती म्हणाली.

“असं म्हणता येईल.”

“म्हणजे चूक माझीच.”

“तसं मी म्हणालो नाही.”

“नाही ना? मग ठीक आहे.” पुढचा कपडा उचलत ती म्हणाली, “दादाने ती खुर्ची तुम्हाला द्यावी म्हणून मी त्याच्याशी महिनाभर अबोला धरला होता. हे तुम्हाला माहीत नसेल.”

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो, की दादांनी माझी नजर पारखली. रात्रीचं जेवण त्या दिवशी काही गोड लागलं नाही.

शुक्रवारी अकराला दोन मिनिटं असताना ग्रंथपालबाई आल्या. ठेंगण्या, करड्या केसांच्या, खांद्याला जाड पिशवी. पट्टी वगैरे काही आणली नव्हती. पिशवीतून त्यांनी एक पांढरा रुमाल काढला आणि विटेएवढा शब्दकोश काढला. दाराजवळच्या दवाखाना रंगाच्या ढिगापाशी गेल्या. फळीवर रुमाल खसाखसा घासला, उलटून बघितला.

“रंग पुस्तकांना लागत नाही. छान.”

मग कडेवरून बोट फिरवलं. “धार नाही. मुलं हात घालतात ना.” मग शब्दकोश कमरेएवढ्या उंचीवरून फळीवर आपटला. धाडकन आवाज झाला, नेमबाज दचकला, पण रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही.

भट्टीमागच्या जुन्या दातांच्या ढिगापाशी तेच. कोठीजवळच्या लोण्यापाशी तेच. रुमाल, बोट, धाडकन. मावशी पदरात हात गुंडाळून उभ्या होत्या. टाकीवाले काका दाराआडून बघत होते आणि माझ्यापेक्षा त्यांचाच जीव जास्त टांगणीला लागलेला दिसत होता.

“उत्तम काम आहे,” बाई म्हणाल्या. “द्या कागद, सही करते.”

दादांनी कागद पुढे केला. बाईंनी पेनाचं टोपण काढलं. मी वाचलो होतो. खुर्ची वाचली, बायकोचा मान वाचला, काकांचं स्टूल वाचलं. आता फक्त उभं राहायचं होतं.

“आणि रंग?” मी विचारलं.

दादा खोकले.

“रंगाचं काय?” बाई म्हणाल्या.

“नाही, म्हणजे, पसंत आहे ना?”

“पांढरा आहे की. आमची नऊ जणांची समिती, नऊ जणांना नऊ रंग हवे होते. पांढऱ्यावर भांडण झालं नाही, म्हणून पांढरा.”

“सायपांढरा,” मी म्हणालो.

“असेल.”

“तुम्हाला तिन्ही ढिगांचा रंग सारखा दिसला?”

“हो. सारखाच तर आहे.”

दादा परत खोकले. यावेळी त्या खोकल्यात एक पूर्ण वाक्य होतं. नेमबाजाने हातातले टांगायचे आकडे मुद्दाम खाली पाडले. मावशी म्हणाल्या, “बाई, चहा घेता का?” हे सगळं मला ऐकू आलं, कळलंही. पण तुम्हीच सांगा, एखाद्या गवयाने जन्मभर रियाज करावा आणि समोरच्याने म्हणावं, तिन्ही राग सारखेच वाटले, तर त्याने गप्प बसावं का? सहा वर्षं मी त्या खुर्चीत बसून जे बघत होतो, ते कोणालाच दिसत नसेल, तर मी बघत तरी काय होतो? आदल्या दिवशी घरी ते ऐकल्यापासून हे मनात खदखदत होतंच.

“एक मिनिट, बाई,” मी म्हणालो.

दाराशी गेलो, तिथली एक फळी उचलली. भट्टीमागे गेलो, तिथली उचलली. कोठीजवळची उचलली. तिन्ही फळ्या दारातल्या उजेडात शेजारी शेजारी लावल्या आणि चौथी म्हणून नमुन्याची पट्टी ठेवली.

“आता बघा. ही तुम्ही मान्य केलेली. ही निळसर, दिसतेय? ही दोनदा भाजलेली, म्हणून दातांसारखी. आणि ही तर सरळसरळ लोणी.”

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, वाकल्या. “मला नाही दिसत.”

“असं नाही बघायचं. एक डोळा मिटा. मान तिरकी करा. अजून थोडी. आता या कडेकडून त्या कडेकडे नजर न्या, हळूहळू.”

बाईंनी एक डोळा मिटला. मान तिरकी केली. नजर हळूहळू सरकवली.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या. “खरंच की.”

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! “दिसलं ना? मी सांगतो, शंभरात एखाद्याला दिसतं हे. तुमची नजर तयार आहे, बाई.”

“ही निळी आहे, ही पिवळी आहे, ही तर अगदीच...” त्या प्रत्येक ढिगापाशी पुन्हा जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा पेनाला टोपण लावत होत्या. “आता काय करायचं?”

“कशाचं?”

“अहो, मला मघाशी दिसत नव्हतं तोवर ठीक होतं. आता दिसलं. आता तिथे बसून रोज दिसणार. समितीतल्या एकालाही मी दाखवलं तर नऊच्या नऊ जणांना दिसणार.” त्यांनी शब्दकोश पिशवीत घातला. “सगळ्या परत करा. एकसारख्या झाल्या की बोलवा. पण एक सांगते, तुमची नजर मात्र विलक्षण आहे.”

त्या गेल्या. नेमबाजाने पाडलेले आकडे एकेक करून उचलले. मावशी भट्टीकडे गेल्या. मागच्या बाजूने काकांनी काहीतरी जोरात आपटल्याचा आवाज आला. दादांनी सहीविना राहिलेला कागद चार घड्या घालून खिशात ठेवला, फोन काढला आणि टायवाल्याला उद्या यायला सांगितलं.

“दादा,” मी म्हणालो, “माल नापास झाला ते मान्य. पण नजर तर सिद्ध झाली ना? त्या बाई स्वतः म्हणाल्या.”

“नजरेबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती, भाऊजी,” दादा अतिशय गोड आवाजात म्हणाले. “पण ते यंत्र नुसता आकडा दाखवतं. बोलत नाही.”